आडात नाही, ते पोहऱ्यात कुठून?

‘एका अश्वशक्तीची मोटर लावा आणि दहा किलोवॅट वीज मिळवा’, असे सांगणाऱ्या चित्रफिती मोबाईलवर अधूनमधून फिरत असतात. मांडणी साधारण सारखीच असते. एक छोटी मोटर, पट्ट्याने जोडलेले जड लोखंडी चाक, त्याच्या पलीकडे अल्टरनेटर आणि फळीवर ओळीने लावलेले दिवे. मोटर सुरू होते, चाक वेग घेते. मग कुणीतरी मोटरची पिन काढून प्रेक्षकांना दाखवतो आणि दिवे तरीही जळत राहतात. चित्रफीत तिथेच संपते. खाली प्रतिक्रियांमध्ये विचारणा सुरू होते, ‘किंमत किती? शेतावर बसवता येईल का?’

या प्रयोगात दिवे खरोखरच लागलेले असतात. प्रश्न एवढाच आहे की ते किती वेळ लागले. शंभर किलो वजनाचे, तीस सेंटिमीटर त्रिज्येचे भरीव चाक मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या वेगाने फिरत असेल, तर त्यात सुमारे ५५ हजार ज्यूल ऊर्जा साठलेली असते. शंभर वॅटचे दहा दिवे सेकंदाला एक हजार ज्यूल खातात. म्हणजे काहीही वाया गेले नाही असे मानले, तरी हे चाक दहा दिवे जेमतेम ५५ सेकंद पेटवू शकते. चित्रफितीला तेवढा वेळ पुरतो. त्याआधी त्या चाकाला वेगात आणण्यासाठी एका अश्वशक्तीच्या मोटरने किमान सव्वा मिनिट वीज खाल्लेली असते, ते मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. आपल्या वीजबिलातले एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. या चाकात जमा झालेली ऊर्जा त्या युनिटच्या पासष्टाव्या हिश्शाएवढी असते.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण मराठी माणसाला शिकवावी लागत नाही. भौतिकशास्त्रातला ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम याहून फार वेगळे काही सांगत नाही. ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, ती फक्त रूप बदलते. आणि प्रत्येक रूपांतरात तिचा काही भाग घर्षण, आवाज, तारांची उष्णता अशा वाटांनी हातून निसटतो. तरीही काहीही न खाता काम करत राहणाऱ्या यंत्राचे स्वप्न किमान नऊशे वर्षे माणसाचा पाठलाग करत आहे.

भास्कराचार्यांचे पाऱ्याचे चाक

या स्वप्नाच्या सर्वांत जुन्या लेखी नोंदींपैकी एक महाराष्ट्राशी नाते सांगणारी आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणि’ या ग्रंथात आपोआप फिरणाऱ्या चाकाचे वर्णन येते. हलक्या लाकडाचे चाक करावे, त्याला सारख्या अंतरावर पोकळ आरे बसवावेत, ते किंचित कललेले असावेत, त्यांत अर्ध्यापर्यंत पारा भरून तोंडे बंद करावीत. चाक आसावर चढवले की पारा एका बाजूला परिघाकडे, तर दुसऱ्या बाजूला मध्याकडे सरकेल आणि चाक फिरत राहील, अशी ही कल्पना. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने १२०७ साली त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणे येथे आहे. तेराव्या शतकात फ्रान्समधल्या व्हिलार द ओनकूर या कारागिराच्या वहीतही असेच चाक सापडते. तिथे पाऱ्याऐवजी परिघावर झुलणारे हातोडे आहेत.

कागदावर ही दोन्ही चाके फिरायलाच हवीत असे वाटते. एका बाजूचे वजन आसापासून लांब गेले की त्या बाजूचा जोर वाढतो, हे तराजू हाताळणाऱ्या कुणालाही पटते. चूक दुसऱ्या बाजूकडे न पाहण्यात आहे. ज्या बाजूला हातोडे लांब पसरतात, त्या बाजूला कोणत्याही क्षणी ते संख्येने कमी असतात. दुसऱ्या बाजूला ते आसाजवळ असले, तरी जास्त असतात. दोन्हीकडचा जोर मोजला की बेरीज सारखीच भरते. चाक थोडे डुलते, एका जागी स्थिर होते आणि तिथेच थांबते. खाली येणारे वजन जेवढी ऊर्जा देते, तेवढीच तेच वजन पुन्हा वर नेण्यासाठी मोजावी लागते. वाट सरळ असो की वळणावळणाची, हातोडे असोत, पारा असो की पाण्याचा पोहरा, या हिशोबात फरक पडत नाही.

भास्कराचार्यांच्या काळात ऊर्जा ही संकल्पनाच नव्हती, त्यामुळे या चाकासाठी त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ग्रंथाच्या यंत्रांविषयीच्या त्याच भागात सगळ्या उपकरणांची यादी देताना त्यांनी शेवटी ‘धीयंत्र’ सांगितले आहे आणि बुद्धी हेच सर्वांत श्रेष्ठ यंत्र ठरवले आहे.

‘अशक्य’ या शब्दाचा उपयोग

अखंड चालणारे यंत्र अशक्य आहे, हे विज्ञानाने केवळ नकार म्हणून सांगितलेले नाही. त्या नकाराचा पाया म्हणून वापर झाला आहे. नेदरलँड्सचा अभियंता सायमन स्टेव्हिन याने १५८६ साली उतारावरच्या वजनांचा नियम असाच शोधला. दोन वेगवेगळ्या चढांच्या त्रिकोणी ठोकळ्यावर त्याने मण्यांची एक अखंड माळ कल्पनेने टांगली. माळ एकदा आपोआप सरकली तर सरकल्यावरही तिची रचना पहिल्यासारखीच राहील, म्हणजे ती कायम सरकतच राहील. हे घडत नाही, म्हणून माळ स्थिर असली पाहिजे, आणि त्यावरून कोणत्या उतारावर किती वजन तोलले जाते हे ठरते. फ्रान्सच्या सादी कार्नोने १८२४ साली वाफेच्या इंजिनाच्या कार्यक्षमतेची कमाल मर्यादा काढली, तीही याच तर्कावर उभी होती. ती मर्यादा ओलांडता आली असती, तर काही न खाता चालणारे यंत्र तयार झाले असते. १८४७ साली जर्मनीच्या हेल्महोल्ट्झने ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मांडला, तेव्हाही त्याची सुरुवात अखंड गती अशक्य असल्याच्या गृहीतकापासून झाली होती.

म्हणून एखादा संशोधक ‘माझ्या यंत्राचा अपवाद करा’ असे म्हणतो, तेव्हा तो एका वाक्याला आव्हान देत नसतो. औष्णिक वीजकेंद्रापासून घरातल्या फ्रिजपर्यंत प्रत्येक यंत्राचे गणित ज्या पायावर बसते आणि रोज बरोबर येते, तो पाया चुकीचा आहे असे तो म्हणत असतो. इतक्या मोठ्या दाव्याला पुरावाही तेवढाच भक्कम लागणार.

भिंतीमागचा हात

आजवर असा पुरावा मिळालेला नाही. मिळाले ते लपवलेले हात. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात १८१२ साली चार्ल्स रेडहेफर या माणसाने आपोआप चालणारे यंत्र तिकीट लावून दाखवायला सुरुवात केली. त्याने नगरपालिकेकडे पैशांची मागणी केली. तपासणीसाठी निरीक्षक आले, तेव्हा त्यांना गजांच्या खिडकीतून लांबूनच पाहू देण्यात आले. तरीही एक गोष्ट नजरेतून सुटली नाही. यंत्र दुसऱ्या चक्राला फिरवते असे सांगितले जात होते, पण दात्यांची झीज उलट बाजूला झाली होती. म्हणजे ते दुसरे चक्रच यंत्राला फिरवत होते. आयझाया लुकेन्स या कुशल कारागिराने मग आत चावी दडवलेले तसेच यंत्र बनवून दाखवले.

रेडहेफर तिथून निघाला आणि १८१३ साली न्यूयॉर्कमध्ये पुन्हा प्रदर्शन मांडले. वाफेच्या बोटीसाठी प्रसिद्ध असलेला रॉबर्ट फुल्टन ते पाहायला गेला. त्याने यंत्राकडे पाहण्याआधी त्याचा आवाज ऐकला. चाक एकसारखे फिरत नव्हते. हाताने दांडा फिरवताना जसा वेग कमीजास्त होतो, तशी त्याची लय होती. फुल्टनने यंत्राजवळच्या काही फळ्या काढल्या. आत तातेचा एक बारीक पट्टा भिंतीतून वर गेलेला दिसला. त्याचा माग काढत लोक माळ्यावर पोहोचले, तर तिथे एक दाढीवाला म्हातारा एका हाताने पावाचा तुकडा खात दुसऱ्या हाताने दांडा फिरवत बसलेला होता. अखंड गतीला रोजची भाकरी लागत होती.

त्याच फिलाडेल्फियात पुढे जॉन कीलीने १८७० च्या दशकापासून पाण्यातून अद्भुत शक्ती काढण्याचा दावा करून कंपनी स्थापन केली. सुमारे पाव शतक भागधारक वाट पाहत राहिले, बाजारात एकही इंजिन आले नाही. १८९८ साली कीली मरण पावला. त्यानंतर त्याच्या जागेची तपासणी झाली, तेव्हा तळघरात सुमारे तीन टन वजनाचा पोलादी गोळा आणि नळ्या सापडल्या. त्याची प्रात्यक्षिके दाबलेल्या हवेवर चालत असावीत, असा निष्कर्ष तपास करणाऱ्यांनी काढला.

भारतही याला अपवाद नाही. १९९६ साली तमिळनाडूच्या रामर पिल्लै याने वनस्पती आणि पाणी यांपासून पेट्रोल बनवण्याचा दावा केला, तेव्हा देशभर खळबळ उडाली. पाणी जळत नाही, कारण ते हायड्रोजन जळून गेल्यावर उरलेली राखच आहे. तिच्यातून पुन्हा इंधन काढायचे तर जळताना मिळाली तेवढी ऊर्जा परत ओतावी लागते. शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली प्रयोग झाला, तेव्हा ढवळण्याच्या काठीतली लबाडी उघड झाली. काठी पोकळ होती आणि इंधन तिच्यातूनच येत होते. पुढे पेट्रोलियम पदार्थांचेच मिश्रण वनस्पतीजन्य इंधन म्हणून विकल्याच्या प्रकरणात २०१६ साली चेन्नईच्या न्यायालयाने त्याला तीन वर्षांची सक्तमजुरी सुनावली.

प्रामाणिक माणसाचे काय?

असे दावे करणारे सगळेच लबाड असतात असे मात्र नाही. अनेक जण मनापासून कष्ट करणारे कारागीर असतात. त्यांच्या हातात कसब असते, गॅरेजमध्ये वर्षे गेलेली असतात. ‘बेअरिंग थोडे चांगले मिळाले की जमेल’, ‘चुंबक आणखी ताकदीचे हवेत’ असे म्हणत ते पुढचा प्रयोग मांडतात. यंत्र दर वेळी थांबते, पण दर वेळी थांबण्याचे एक किरकोळ कारण सापडते. मूळ कारणाकडे मात्र लक्षच जात नाही.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ साली अखंड गतियंत्रांचे प्रस्ताव यापुढे तपासणार नाही, असा ठराव केला. तो अनेकदा शास्त्रज्ञांच्या अहंकाराचा नमुना म्हणून सांगितला जातो. अकादमीने दिलेले कारण वाचले तर वेगळे चित्र दिसते. हे यंत्र अशक्य आहे, हे तर तिने सांगितलेच. शिवाय या नादापायी कुटुंबे उद्ध्वस्त झाली आहेत आणि समाजाला मोठी सेवा देऊ शकले असते अशा यंत्रज्ञांनी आपला पैसा, वेळ व बुद्धी यात घालवली आहे, हेही तिने नोंदवले. त्या नकारात काळजीही होती.

वरच्या टाकीतले पाणी खाली सोडून वीज करायची आणि त्याच विजेवर पंप चालवून पाणी पुन्हा वर चढवायचे, ही कल्पना आजही अनेकांना सुचते. तिचा हिशोब कागदाच्या एका कोपऱ्यावर मांडता येतो. दहा मीटर उंचीवरच्या टाकीतले एक हजार लिटर पाणी खाली आले, तर ९८ हजार ज्यूल ऊर्जा मिळते. ही ऊर्जा नऊ वॅटचा एक एलईडी दिवा तीन तास पेटवते, याहून जास्त काही नाही. आता टर्बाइनची कार्यक्षमता ८० टक्के, जनित्राची ९० टक्के आणि छोट्या पंपाची ५० टक्के धरली, तर पहिल्या फेरीत हजारपैकी ३६० लिटर पाणीच वर जाते. दुसऱ्या फेरीत १३० आणि तिसऱ्या फेरीत ५० लिटरहून कमी. दिवा तर अजून लावलेलाच नाही.

सह्याद्रीतल्या घाटघर प्रकल्पात हाच खेळ मोठ्या प्रमाणावर चालतो. २५० मेगावॉटच्या या केंद्रात माथ्यावरच्या जलाशयातले पाणी खाली सोडून वीज केली जाते आणि तेच पाणी पुन्हा वर चढवले जाते. पण अभियंत्यांनी तिथे फुकट विजेचा दावा केलेला नाही. अशा केंद्रांना जेवढी वीज लागते, तिच्या साधारण ७० ते ८० टक्केच ती परत देतात. मागणी कमी असताना शिल्लक वीज पाण्याच्या रूपात वर ठेवायची आणि गरजेच्या वेळी काढायची, यासाठी हा तोटा सोसला जातो. तोटा मान्य केला, म्हणून कल्पना उपयोगी ठरली.

विमानाचा दाखला

‘विमान उडणार नाही असेही लोक म्हणत होते’, हे उत्तर अशा चर्चेत हमखास येते. पण उडणे अशक्य आहे असा निसर्गाचा नियम कधीच नव्हता. डोक्यावरून पक्षी जात होते. फुकट ऊर्जेचा मात्र एकही पक्षी कुणी पाहिलेला नाही.

विज्ञान नव्या ऊर्जेला दार लावून बसते, हा आरोपही इतिहासाला धरून नाही. १९०३ साली पिएर क्युरी आणि अल्बेर लाबोर्द यांनी रेडियम सतत उष्णता देत राहते हे मोजून दाखवले. उष्णता कुठून येते हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हते आणि तिने नियमालाच धक्का दिल्यासारखे वाटले. तरीही कुणी क्युरींना वेडे ठरवले नाही. रेडियम कुणाच्याही प्रयोगशाळेत तसेच वागत होते. स्रोत अणूच्या पोटात होता, हे पुढे कळले. १९३० च्या सुमारास काही किरणोत्सर्गी अणूंच्या हिशोबात ऊर्जा कमी भरू लागली, तेव्हा नील्स बोर यांच्यासारख्या दिग्गजाने नियमच ढिला करण्याचा विचार बोलून दाखवला. वोल्फगांग पाउली यांनी मात्र न दिसणारा एखादा कण ती ऊर्जा नेत असावा असे सुचवले. तो कण, न्यूट्रिनो, १९५६ साली सापडला. नियमाची परीक्षा झाली आणि वही जुळली.

अशी संधी यंत्रांच्या दावेदारांनाही मिळते. डब्लिनच्या स्टिऑर्न या कंपनीने २००६ साली ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये जाहिरात देऊन फुकट ऊर्जेच्या तंत्राची तपासणी करायला शास्त्रज्ञांना बोलावले. परीक्षकमंडळ नेमले गेले. २००७ साली लंडनमध्ये ठरलेले जाहीर प्रात्यक्षिक दिव्यांच्या उष्णतेमुळे बिघाड झाल्याचे सांगून रद्द झाले. २००९ साली परीक्षकांनी एकमताने निकाल दिला की ऊर्जा निर्माण होत असल्याचे कंपनी दाखवू शकली नाही. २०१६ साली कंपनी गुंडाळली गेली.

पैसे देण्याआधी

भारतीय पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३ (क) नुसार सुस्थापित नैसर्गिक नियमांच्या उघड विरोधात जाणारा दावा ‘शोध’ या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ या वाक्याला फारसे मोल नाही. अर्ज कुणीही करू शकतो आणि ठरावीक मुदतीनंतर तो प्रसिद्धही होतो. अर्जाचा क्रमांक म्हणजे मंजुरी नव्हे. अमेरिकेचे पेटंट कार्यालय एरवी चालते नमुना-यंत्र मागत नाही, अखंड गतीच्या दाव्यात मात्र ते मागू शकते.

शेतावर किंवा कारखान्यात असे यंत्र बसवण्याची ऑफर आली, तर नियम पाठ असण्याची गरज नाही. काही साधे प्रश्न पुरतात. यंत्र घेते त्याहून जास्त देत असेल, तर दिलेल्यातला थोडा भाग परत स्वतःला देऊन ते भिंतीवरच्या प्लगशिवाय का चालत नाही? चालत असेल, तर दिवे लावलेल्या स्थितीत ते मिनिटभर नाही, तर आठवडाभर चालवून दाखवता येईल का? आत बॅटरी, जड चाक किंवा दाबलेल्या हवेची टाकी आहे का? येणारी आणि जाणारी वीज घरच्यासारख्या युनिट मोजणाऱ्या मीटरवर मोजली आहे, की फक्त व्होल्ट आणि अँपिअरचे आकडे दाखवले? एसी विजेत या दोन आकड्यांचा नुसता गुणाकार फसवा ठरू शकतो. यंत्र संशोधकाच्या गैरहजेरीत, दुसऱ्याच्या जागेत, आतून उघडून तपासता येईल का? आणि तपासणीआधी पैसे का हवेत?

एक खबरदारी उलट बाजूनेही घ्यावी. हीट पंप एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता देतो, हे खरे आहे. तो ती बाहेरच्या हवेतून ओढून आणतो. वर्षानुवर्षे चावी न देता चालणारे घड्याळही असते, ते खोलीच्या तापमानातल्या चढउतारावर चालते. सौरपंपाला डिझेल लागत नाही, पण ऊन लागते. या सगळ्यांचे निर्माते स्रोत विचारला की लगेच सांगतात. आड कुठे आहे, हे ज्याला दाखवता येत नाही, त्याचा पोहरा विकत घेण्याची घाई करू नये.